सातवा डबा शेवटी

३ जानेवारी

ठकू,

तुझं पत्र आलं. इतकं गोड गोड लिहिलंयस म्हणजे काहीतरी काम आहे हे पहिल्याच ओळीत कळलं. लहानपणीही काही हवं असलं की तू आधी माझे पाय चेपायला बसायचीस.

तर ते सिनेमाच्या रिळांचे आठ डबे. तुमच्या चित्रपट संग्रहाला हवेत, आमच्या मुक्या सिनेमाची अशी प्रत दुसरीकडे कुठे सापडलेली नाही, साफसूफ करून तिच्यावरून नवी प्रत काढायची आहे. देते. तुझ्या त्या कागदावर सहीही केली, चष्मा कुठे सापडत नव्हता तरी. मात्र फोन करून विचारलं असतंस तर दिले नसते. पन्नास वर्षं आपल्या थिएटरच्या केबिनमध्ये मशीनच्या घरघरीत काढली, आता फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी माझ्या सोयीचं ऐकते. कागदावर तसं करता येत नाही, म्हणून पत्रच लिहीत जा.

तुमचे साहेब विचारतात की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी साडेतीनला तोच सिनेमा, एकोणपन्नास वर्षं, तरी लोक का येतात. साहेबांना म्हणावं, एकदा तिकीट काढून बसा. गोष्ट चार ओळींची आहे. लॉन्ड्रीत इस्त्री करणारी मुलगी आणि बोटीवरचा अधिकारी. प्रेम, लग्न, आणि मग पाहुण्यांसमोर तो तिच्या थोबाडीत मारतो. ती घराबाहेर पडते. पावसात भिजत परत येते. तो तिचे पाय धरतो, ती त्याच्या डोक्यावर हात ठेवते. आणि सकाळी बॅग उचलून धक्क्यावर जाते, बोटीत चढते, कठड्याशी उभी राहते आणि सरळ आपल्याकडे बघते. बघतच राहते. समाप्त.

आमचा शिंपी जन्मापासून बहिरा आहे, त्याला ओठ वाचता येतात. नायक खिडकीपाशी प्रेमाची कबुली देतो तिथे सगळं थिएटर डोळे पुसतं आणि हा खो खो हसतो. एकदा मी कागदावर लिहून विचारलं तेव्हा त्याने उत्तर लिहिलं, की तो माणूस तिला सांगतोय, माझा नवा बूट चावतोय. पण शेवटी शिंपीही रडतो. तिथे तिचे ओठ हलतच नाहीत, त्यामुळे त्यालाही आमच्यासारखंच काय ते मनाने लावून घ्यावं लागतं. दवाखान्यातली नर्स ड्युटी संपवून गणवेशातच येते. एक नवरा-बायको अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, पण येतात जोडीने. प्रत्येकाला वाटतं ती फक्त आपल्याकडेच बघते आहे. मला विचारशील तर हेच कारण.

एक बजावून ठेवते. हळू चालव. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर घेतलेला सिनेमा आहे. आजच्या वेगाने लावलास तर सगळी माणसं तुरुतुरु पळतात आणि ती थोबाडीत विनोदी वाटते. एकदा एका पाहुण्या ऑपरेटरने तसं केलं होतं, त्याला मी जिन्यावरून खाली पाठवला.

तुझी आत्या

२९ जानेवारी

प्रिय आत्या,

डबे सुखरूप पोचले. प्रत्येक डब्याला जुना स्वेटर घालून पाठवलास, त्यावरून इथे दोन दिवस हसाहशी चालली होती. आम्ही तुझ्याच वेगाने चालवून पाहिलं. तुटलेल्या जागी फिल्म जोडलेली असते ना, ते जोड मी मोजले. एकशे बारा निघाले, आणि एकही सुटलेला नाही. साहेब म्हणाले, ही प्रत सांभाळणाऱ्याच्या हाताला नमस्कार.

आता गंमत ऐक. आमच्या जुन्या कागदांत हा सिनेमा काढणाऱ्या कंपनीचीच यादी सापडली. कुठल्या डब्यात कुठला प्रसंग, सगळं ओळीने लिहिलेलं. त्यात बोटीचा प्रसंग सातव्या डब्यात आहे आणि पावसाचा आठव्यात. म्हणजे मूळ सिनेमात ती बोटीने निघून जाते, आणि मग पावसात परत येते. तो पाय धरतो, ती डोक्यावर हात ठेवते, तिथे समाप्त. एकोणपन्नास वर्षं आपल्याकडे शेवटचे दोन डबे उलटे लागताहेत. आजोबांनी डबे रंगवताना आकड्यांची अदलाबदल केली असणार, असं साहेबांचं म्हणणं आहे.

साहेब तर खूश आहेत. मार्चमध्ये आम्ही सगळं योग्य क्रमाने लावून घेणार. तुलाही आनंद होईल म्हणून लगेच कळवते आहे. इतकी वर्षं ती बिचारी बोटीवरच अडकली होती, आता घरी येईल.

तुझी ठकू

५ फेब्रुवारी

ठकू,

घरी येईल म्हणजे? कोणाच्या घरी?

तुझ्या बापाने तुला इतकंच सांगितलं असणार की आत्याचं सासरी पटलं नाही. घराघरात एवढंच सांगतात. आता माझ्याकडून ऐक. मी चोवीस वर्षांची होते. डाव्या कानाखाली सूज घेऊन माहेरी आले. आठव्या दिवशी तो आला. देखणा माणूस, बोलायला साखर. बाहेरच्या खोलीत सगळ्यांसमोर त्याने माझे पाय धरले आणि हमसून हमसून रडला. बाबा आत तापाने फणफणले होते. मामा म्हणाला, माफी मागितली ना त्याने, आणखी काय हवंय तुला. शेजारचे तेच म्हणाले. आणि आई म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "जा त्याच्याबरोबर." सोमवारी सकाळी निघायचं ठरलं.

मधे रविवार होता. फिरता सिनेमा दाखवणाऱ्या एका माणसाने धंदा बंद केला, त्याच्याकडून बाबांनी हे आठ डबे त्याच आठवड्यात घेतले होते. घरात कोणी तो सिनेमा पाहिलेला नव्हता. बाबा अंथरुणावर, म्हणून मशीन मी चालवलं. आई एकेक डबा हातात देत होती. केबिनच्या भोकातून मी पाहिलं. तो पाय धरतो, ती डोक्यावर हात ठेवते. मला वाटलं, झालं, असंच करतात सगळ्या, आपणही करू. मग आईने शेवटचा डबा दिला.

सोमवारी दारातच मी त्याला सांगितलं, तू जा. तो गेला. मी केबिनमध्ये चढले ती आजतागायत तिथेच आहे. कोणापुढे हात पसरला नाही आणि कोणाला घाबरले नाही. बाबा गेल्यावर लोक मला ऑपरेटरबाई म्हणायला लागले, माझं नावही विसरले, त्याचंही मला कधी वाईट वाटलं नाही. आईच्या त्या वाक्याचं मात्र वाटलं. ते मी तिला शेवटपर्यंत माफ केलं नाही. ती गेली तोवर आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं.

आणि आता तू मला सांगतेस की ती परत आली होती. म्हणजे रंगाच्या ब्रशने घोळ घातला आणि त्यावर मी नवरा सोडला? दोन दिवस मी खिडकीशी बसून होते, ठकू. मशीनला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी उठले आणि स्वतःला म्हटलं, चूक तर चूक. माझ्या आयुष्याला पुरली. मी त्यासाठी कोणाची माफी मागणार नाही, तुझ्या साहेबांची तर नाहीच.

डबे परत पाठव. आहेत तसे.

आत्या

१९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मला काहीच माहीत नव्हतं. "घरी येईल" हे मी कुठल्या तोंडाने लिहिलं असं झालंय.

डबे लगेच पाठवता येत नाहीत. तू चष्म्याशिवाय सही केलीस त्या कागदात लिहिलंय की दुरुस्तीचा निर्णय संग्रहाचा. मी साहेबांशी दोनदा भांडले. ते वाईट नाहीत गं. त्यांचं म्हणणं एवढंच, की सिनेमा ज्याने काढला त्याचा, आणि त्याने ती परत आलेली दाखवली आहे.

पण भांडता भांडता ते दोन डबे मी पुन्हा भिंगाखाली घेतले, आणि आत्या, ही आकड्यांची चूक नाही. "समाप्त" ही पाटी आठव्या डब्याच्या शेवटी असायला हवी. ती तिथून कापून सातव्याच्या शेवटी जोडलेली आहे. शिवाय यादीप्रमाणे आठवा डबा ती बोटीवरून उतरते तिथून सुरू होतो. आपल्या प्रतीत तो तुकडाच नाही. तो तुटलेला नाही, नीट मापून कापून सुरुवातीची कोरी पट्टी पुढच्या प्रसंगाला जोडली आहे. तो राहिला असता तर डबे उलटे लावल्याचं पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या लक्षात आलं असतं. कोणीतरी पूर्ण विचार करून हे केलंय.

जोडांवरून मी हात ओळखायला शिकले आहे. आजोबा सरळ कापायचे. तुझे सुरुवातीचे जोड वाकडेतिकडे आहेत आणि पुढचे सुरेख. पण हे दोन जोड तिरपे कापलेत, आणि कडेला सुईने ओरखडल्यासारख्या दोन बारीक रेघा आहेत. अशा रेघा आणखी नऊ ठिकाणी सापडल्या. त्या कोणाच्या?

साहेबांनी वीस मार्च ठरवला आहे. त्या दिवशी हे दोन जोड मी माझ्या हाताने उघडायचे आहेत.

तुझी ठकू

८ मार्च

ठकू,

उशीर झाला. पत्र लिहायला बसायचे आणि पेन तसंच राहायचं.

त्या रेघा आईच्या आहेत.

मागच्या खोलीत खिडकीखाली टेबल होतं, तिथे बसून ती रिळं उलटी गुंडाळायची आणि तुटलेलं जोडायची. या कामाला कोणी काम म्हणत नव्हतं. बाबांचा जोड सुटला तरी बोलणी तिलाच बसायची, म्हणून तिने स्वतःच्या जोडांवर खूण करायला सुरुवात केली. बाबांना ते कधी कळलं नाही. मी लहानपणी तिच्या मांडीवर बसून त्या रेघा पाहिल्या आहेत, आणि इतकी वर्षं त्या फिल्मवरून माझा हात फिरतो आहे, पण नजर कधी गेली नाही. सुटलेलं तेवढं बघायचं, टिकलेल्या जोडाकडे कोण बघतं.

त्या आठवड्यात बाबा तापात होते. नवीन आलेले डबे तिने एकटीने तपासले. तीन दिवस टेबलावर हाताने फिरवत, भिंगातून. म्हणजे त्या रविवारी सिनेमाचा शेवट ठाऊक असलेलं घरात एकच माणूस होतं. बाहेरच्या खोलीत तिचा भाऊ दाराशी उभा, जावई पायाशी, शेजारी खिडकीत. तिला तिथे जे बोलायला लावलं ते ती बोलली. मग आत गेली, कात्री घेतली, आणि डब्यांवरचे आकडेही तिनेच रंगवले. मशीनवर मी असणार हे तिला माहीत होतं.

तुझं पत्र वाचून मी तिचा बटणांचा डबा उघडला. ती गेल्यापासून तो कपाटावर होता, मी त्यातून बटणं घ्यायचे, तळाशी कधी गेले नाही. तळाशी मलमलच्या फडक्यात मुठीएवढी गुंडाळी निघाली. खिडकीशी धरून पाहिलं. ती बोटीवरून उतरते आहे, छत्री वाऱ्याने उलटी झालेली. आईने तो तुकडा फेकला नव्हता. दुसऱ्याची टाचणीसुद्धा ती टाकायची नाही.

त्या रविवारनंतर बावीस वर्षं ती माझ्यासमोर बसून जेवली. मी तिला कधी धड हाक मारली नाही. तिने एकदा जरी सांगितलं असतं, तरी. पण सांगितलं असतं तर मी ते तिच्या सांगण्यावरून केलं असं झालं असतं, आणि सगळं घर तिच्या अंगावर धावून गेलं असतं. मला फार रडू आलं. मग राग आला, तिचा नाही, माझा आणि त्या बाहेरच्या खोलीतल्या सगळ्यांचा. तो राग अजून आहे, आणि तुझ्या साहेबांनी तो ओढवून घेऊ नये असं मला वाटतं.

त्यांना सांग, त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. सिनेमा काढणाऱ्याचा. त्या बाईला घरी जायचं असेल तर जाऊ दे, माझं तिच्याशी भांडण नाही. माझ्या डब्यांवरून नवी प्रत काढा आणि त्या प्रतीत हवा तसा क्रम लावा. पण बोटीवरून उतरण्याचा तुकडा जगात फक्त माझ्याकडे आहे. तो हवा असेल तर माझे आठ डबे आधी माझ्या दारात आले पाहिजेत, आईचा एकही जोड न उघडता. एक जरी उघडलात, तर तुमची बाई जन्मभर बोटीवरून उतरणार नाही. हे वाक्य त्यांना असंच वाचून दाखव.

तुझी आत्या

२३ मार्च

प्रिय आत्या,

असंच वाचून दाखवलं. साहेब आधी हसले, मग भडकले, मग खुर्चीत बसले. म्हणाले, हा शुद्ध दांडगेपणा आहे. मी म्हटलं, हो, आमच्या घरात तो बायकांकडून येतो.

आता तुला एक सांगायचं राहिलंय. तुझं पत्र यायच्या आधीच मी सातवा आणि आठवा डबा थंड खोलीतल्या कपाटात कुलूपबंद केले होते आणि किल्ली घरी नेली होती. विचारलं तर सापडत नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी खोटं बोलायचा कंटाळा आला आणि किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवून सांगितलं, हे जोड मी उघडणार नाही, दुसऱ्या कोणाला सांगा. दुसरं कोणी तयार झालं नाही. त्यांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. मी एकच ओळ लिहिली, की हे जोड माझ्या आजीने मारले आहेत. आता सहा महिने मला कागदांच्या विभागात बसवलंय. धूळ फार आहे, पण खिडकी आहे.

तुझी अट मान्य झाली. नवी प्रत निघाली, त्यावर काम चालू आहे. तुझे डबे उद्या निघताहेत, स्वेटरसकट. शेवटचे दोन डबे आम्ही एकाच दुपारी दोन्ही क्रमांनी लावून पाहिले, साहेब आणि मी. कंपनीच्या क्रमाने पाहिलं तेव्हा मला रडू आलं आणि बरं वाटलं, मग आम्ही चहा प्यायलो. आजीच्या क्रमाने पाहिल्यावर दिवा लावायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

आत्या, मला आजी धड आठवत नाही. तिचे हात कसे होते?

तुझी ठकू

५ मे

ठकू,

लहान होते. बोटांची टोकं कापलेली असायची, फिल्मची कड लागून. माझीही तशीच आहेत, या खेपेला आलीस की बघ.

डबे एप्रिलच्या मध्यावर आले, त्याच दिवशी तुकडा रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला, मलमलच्या फडक्यात. फडकं परत कर.

काल पहिला रविवार होता. तीन रविवार बुडाले होते म्हणून गर्दी झाली. बाहेरच्या फळ्यावर मी खडूने लिहिलं होतं, "आमच्याकडे ती आधी परत येते आणि मग जाते." त्यावरून दारातच वाद सुरू झाले. मग मी केबिनमधून खाली उतरले आणि पडद्यासमोर उभी राहिले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. सगळं सांगितलं. मूळ सिनेमात ती परत येते, तो सिनेमा तुमच्या संग्रहात बघायला मिळेल, ज्यांना तो हवा त्यांनी जरूर जावं. इथे दिसतो तो शेवट माझ्या आईने कापून लावलेला आहे, त्याचं कारण मी आहे, आणि मी तिला कधी विचारलं नाही. एवढं बोलून वर गेले. कोणी उठून गेलं नाही. नर्स जिन्यापर्यंत मागे आली, माझा हात नुसता दाबला आणि जागेवर जाऊन बसली.

कंपनीच्या यादीतला सातवा डबा मी शेवटी लावला. केबिनच्या भोकातून या वेळी मी तिच्याकडे पाहिलंच नाही. फिल्म मशीनमधून सरकते तिकडे बघत होते. जोड आला, तिरपा, दोन रेघा, आणि गेला. किंचित खट्ट झालं, मला ऐकू आलं नाही पण बोटाला कळलं.

सगळे गेल्यावर शेवटच्या रांगेत एकच माणूस उरला होता, मांडीवर टोपी घेऊन. तुझे साहेब. ओळख न देता आले होते, तिकीट काढून. मी खाली आले तेव्हा ते उठून उभे राहिले आणि आपण कोण ते सांगितलं. माणूस वाईट नाही, तू सांगितलं होतंसच. म्हणाले, "बाई, हा त्या सिनेमाचा शेवट नाही."

मी म्हटलं, "माहीत आहे. माझ्या आईचा आहे. पुढच्या पहिल्या रविवारी पुन्हा लावणार आहे, साडेतीनला. वेळेवर यायचं, मी कोणासाठी थांबत नाही."

आत्या